आतेची वेल

आम्ही घर बघायला गेलो तेव्हा बाहेर फुटपाथवर रांग होती. मलिंगारमध्ये बरं घर विकायला निघालं की अशी रांग लागतेच. एजंट दारात उभा राहून चारचार माणसं आत सोडत होता. आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि मुलगी, पावसात छत्रीखाली उभे होतो, आणि आधीच्या बऱ्याच घरांसारखं हेही आपल्याला मिळणार नाही असं मी मनात धरूनच चाललो होतो.

बायको इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे आणि स्कॅन काढते. तिच्या नोकरीवर आम्ही आयर्लंडला आलो. मी डिपेंडंट. चिंचवडला एका कारखान्यात मी क्वालिटी बघायचो, इथे एका हार्डवेअरच्या दुकानात अर्धवेळ काम करतो. इतरांना स्क्रू आणि रंग विकणाऱ्या माणसाला स्वतःच्या भिंतीत एक खिळा ठोकायची मुभा नव्हती, कारण घर भाड्याचं.

आत गेल्यावर पॅसेजमधला एक फोटो बघून बायको थबकली. "अरे, हे तर आतेचं घर!"

आतेबद्दल मी ऐकून होतो. सुरुवातीला मला वाटायचं बायको कुणाला तरी मराठीतच आत्या म्हणतेय. मग कळलं की फिलिपिन्समध्ये मोठ्या बहिणीला आते म्हणतात. ही आते वीसेक वर्षांपूर्वी नर्स म्हणून मलिंगारला आली, वॉर्डची सिस्टर, म्हणजे मुख्य नर्स, झाली, आणि हॉस्पिटलातले सगळेच, अगदी तिथले आयरिश डॉक्टरसुद्धा, तिला आते म्हणू लागले. लग्न तिनं केलं नव्हतं. एका भाचीला तिनं इथे आणून वाढवलं. ती भाची आता आयर्लंडच्याच दुसऱ्या टोकाला, ट्रलीच्या हॉस्पिटलात नर्स होती, तिला बाळ व्हायचं होतं, आणि आते निवृत्त होऊन तिच्याजवळ राहायला निघाली होती.

घर साधंच होतं. दोन खोल्या वर, दोन खाली. पण स्वयंपाकघराच्या मागे एक काचेची खोली जोडलेली होती आणि तिचं दार उघडल्याबरोबर माझ्या चष्म्यावर वाफ धरली. आत ओल होती, ऊब होती, मातीचा वास होता. कोकणात सकाळी आंघोळीच्या पाण्याच्या चुलीजवळ उभं राहिल्यावर वाटतं तसं वाटलं. चष्मा पुसला तेव्हा दिसलं की छताखालच्या तारांवरून एक दांडगी वेल पसरलीय, तिचं खोड माझ्या मनगटाहून जाड आहे, आणि खाली प्लास्टिकच्या खुर्चीत एक बुटकी, ताठ बाई चहा पीत बसलीय.

घर दाखवताना मालकांनी घरात थांबायचं नसतं. एजंटानं तिला तसं सांगितलंही असावं. पण ती थांबली होती.

आमच्या पुढच्या जोडप्यानं आत डोकावून विचारलं, "हे पाडून इथे एक्स्टेन्शन काढता येईल ना?" एजंट म्हणाला, येईल. आतेनं चहाचा घोट घेतला फक्त.

मी वेलीकडे बघत होतो. फूल एकही नव्हतं. पण पानं ओळखीची वाटली. एका देठाला तीन, मधलं मोठं. मी इंग्रजीत विचारलं, "ही शेंगांच्या जातीची आहे का? आमच्याकडे पळस म्हणून झाड असतं, त्याची पानं अशीच."

तिनं कप खाली ठेवला. "तुला कसं कळलं?"

"आमच्यात म्हण आहे. कुठेही जा, पळसाला पानं तीनच."

म्हणीचा अर्थ मी समजावायला गेलो नाही. ती उठली आणि मला हाताला धरून खोडापाशी घेऊन गेली. म्हणाली, हिला इंग्रजीत जेड वाइन म्हणतात, आमच्या भाषेत तायाबाक. साऱ्या जगात ही फक्त आमच्या बेटांवरच्या जंगलांत उगवते, आणि ती जंगलंही आता तुटत चाललीत. मग तिनं विचारलं, "थंडीत घरी कोण असतं?"

"मी असतो. दुपारपर्यंत तरी."

बायको मागून म्हणाली, "आणि दुपारनंतरही असतो."

आमच्यापेक्षा चढी बोली लावणारे होते, हे एजंटानं नंतर आम्हाला मुद्दाम सांगितलं. त्याचा आवाज जरा दुखावलेला होता. पण आतेनं ठरवून टाकलं होतं. कुठल्या कागदावर तिनं काही लिहून घेतलं नाही. सह्या करायच्या दिवशी एवढंच म्हणाली, "पंधरा डिग्रीच्या खाली जाऊ देऊ नकोस. बाकी मी शिकवते."

आणि तिनं शिकवलं. चाव्या हातात पडण्याआधी महिनाभर दर रविवारी मी तिच्याकडे जायचो. पाणी नळाचं गार घालायचं नाही, कोमट करून घालायचं. सकाळी फरशीवर पाणी मारायचं म्हणजे हवा ओली राहते. मुळांना धक्का लावायचा नाही. म्हणूनच तर ती वेल ट्रलीला नेता येत नव्हती. वरून दोऱ्यांसारख्या लोंबणाऱ्या बारीक फांद्या निरुपयोगी वाटतात, पण त्या कापायच्या नाहीत, फुलं तिथूनच सुटतात. पानं ओल्या स्पंजानं पुसायची, वरून आणि खालून. पान पुसताना ती डावा तळवा खाली आधाराला धरायची, आणि पुसून झाल्यावर पान अलगद सोडायची, एकदम नाही. आजारी माणसाचा हात तिनं हजारदा असाच पुसून पांघरुणावर ठेवला असेल.

एका रविवारी मी विचारलं की ही वेल मलिंगारमध्ये आली कशी. तिच्या वॉर्डात एक म्हातारा माळी होता. कुठल्याशा जुन्या इस्टेटीवरचं काचघर त्यानं आयुष्यभर सांभाळलेलं, आणि इस्टेट विकली गेल्यावर ते बंद होणार होतं. त्यानं आतेला आपल्या झाडांचे फोटो दाखवले. त्यातल्या एका फोटोवर आतेचं बोट थांबलं. बरा होऊन घरी गेल्यावर माळ्यानं या वेलीची मुळं फुटलेली एक फांदी दुधाच्या डब्यात घालून तिला आणून दिली. काचेची खोली हॉस्पिटलच्या पोर्टर्सनी, म्हणजे वॉर्डबॉईजनी, सुट्टीच्या दिवशी येऊन उभारली. जेवण आतेचं.

"लहानपणी तुमच्या घराजवळ होती का ही?"

"नाही. एकदाच बघितली. वडिलांबरोबर डोंगरातून चालत निघालो होतो. ओढ्यावर वाकलेल्या झाडावरून लोंबत होती. आधी वर बघितलंच नाही मी. पाण्यातून फुलं वाहत आली, म्हणून वर बघितलं." मग म्हणाली, "नर्सिंग शिकून गावी परत गेले तेव्हा तो उतार मोकळा होता. केळी लावली होती."

हे तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पण माझ्या लक्षात आलं की आयुष्यात एकदाच, तेही लहानपणी बघितलेल्या फुलासाठी या बाईनं जगाच्या दुसऱ्या टोकाच्या थंड, पावसाळी गावात एक उबदार खोली बांधली होती आणि नाइट ड्युटी करून आल्यावर झोपायच्या आधी ती फरशीवर पाणी मारत होती. मी कारखान्यात वर्षानुवर्षं इतरांच्या कामाची गुणवत्ता तपासली. असं काम क्वचित बघितलं.

तिच्या काळात वेल दोन-तीनदा फुलली होती. शेंग मात्र एकदाही धरली नाही. जंगलात रात्री वटवाघळं उलटी लटकून या फुलांतला मध पितात आणि त्यांच्या डोक्याला लागून पराग इकडून तिकडे जातात. आयर्लंडमध्ये वटवाघळं आहेत, पण ती इवलीशी, किडे खाणारी. आतेनं ब्रश घेऊन स्वतः प्रयत्न केले होते. दर वेळी फुलं गळून गेली.

पहिल्याच हिवाळ्यात आमची परीक्षा झाली. जानेवारीत मोठं वादळ आलं. सकाळी उठलो तर वीज नाही, फोनला नेटवर्क नाही, समोरच्या घराची कौलं आमच्या अंगणात. इथल्या घरांचे बॉयलर विजेशिवाय चालत नाहीत, त्यामुळे घर तासातासाला गार पडत गेलं. दुपारी रेडिओवर सांगितलं की वीज यायला काही दिवस लागतील. काचेच्या खोलीतला थर्मामीटर बारावर आला होता.

बायको हॉस्पिटलात अडकली होती, तिथे जनरेटरवर काम चालू होतं. घरात मी आणि मुलगी. बैठकीच्या खोलीतल्या शेगडीत आम्ही लाकडं पेटवली, तिच्यावर मोठमोठी पातेली ठेवली, आणि उकळतं पाणी बादल्यांत ओतून वेलीच्या खोलीत नेऊन ठेवू लागलो. काचेला आतून गोधड्या लावल्या. दुकानातून आणलेला बबल-रॅपचा गुंडाळा खोडाभोवती बांधला. मुलगी तेरा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीतून. "बाबा, इट्स ओन्ली अ प्लँट," असं दोनदा म्हणाली. तिसऱ्या खेपेला बघतो तर तिनं स्वतःचं दुलई-पांघरूण आणून वेलीच्या बुडाशी पसरलं होतं.

संध्याकाळच्या सुमाराला शेजारचे आजोबा आले. एकटेच राहतात, आयुष्यभर शेती केली, आता शेत मुलाला देऊन गावात आलेत. त्यांच्याकडे गॅसच्या सिलिंडरवर चालणारा चाकांचा हीटर होता. तो ढकलत ढकलत ते आमच्या दारात उभे राहिले. "आतला युअर मॅन कसा आहे?" युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत 'तो बुवा'. आतेच्या वेलीला ते पहिल्यापासून बुवाच समजत.

"अहो, पण मग तुमच्या घरात?"

"माझ्या घरात मी एकटा. इथे तुम्ही तिघं आणि हा. हिशेब सोपा आहे." आणि त्यांनी हीटर आत नेला, धूर कोंडू नये म्हणून वरची झडप बोटभर उघडी ठेवली, आतेच्या प्लास्टिकच्या खुर्चीत ओव्हरकोट घालून बसले आणि पेपर उघडला. पुढचे दोन दिवस त्यांचा मुक्काम बहुतेक तिथेच होता. मी त्यांना मुगाची खिचडी दिली. "ग्रँड," म्हणाले, आणि दुसऱ्यांदा मागून घेतली.

एवढं करूनही एका पहाटे पारा नवावर गेला. वीज परत आली आणि त्यानंतर आठवड्याभरात वेलीची पानं काळवंडून गळायला लागली. रोज केर काढावा तसा मी पानांचा ढीग उचलायचो. शेवटी वर तारांवर नुसत्या काड्या उरल्या. फोन लागल्यावर मी आतेला सगळं सांगितलं. ट्रलीलाही त्यांचे हाल झाले होते, त्यात भाचीचं बाळ महिन्याभराचं. ती ओरडेल किंवा रडेल असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, "नखानं साल खरवडून बघितलीस?"

मी फोन हातात धरूनच स्टुलावर चढलो. वरच्या फांद्या खरवडल्या, आत तपकिरी. आणखी खाली आलो. खांद्याच्या उंचीवर नख लावलं आणि आत ओलं हिरवं दिसलं.

"हिरवी आहे."

"मग ती आहे," आते म्हणाली. "आता तिला पेशंट समज. शांत राहू दे. पाणी अगदी थोडं. लोक आजारी माणसाला खाऊ-पिऊ घालून घालूनच मारतात."

मी सुकलेलं सगळं कापलं आणि थांबलो. बरेच आठवडे काही झालं नाही. रोज सकाळी चहा घेऊन मी त्या खुर्चीत बसायचो आणि खोडाकडे बघायचो. मग खोडावरच्या एका डोळ्यातून तांबूस, लवलवीत कोंब आला. उन्हाळाभर तो वर चढत राहिला. त्या वर्षी फुलं आली नाहीत, यायची नव्हतीच. पुढच्या वर्षीही नाहीत. पण वेल पुन्हा छताला टेकली.

त्याच्या पुढच्या वसंतात आई तासगावहून आमच्याकडे आली होती. एका सकाळी तिनंच हाक मारली. "आरं, ह्या येलाला गाठी आल्यात बघ."

लोंबणाऱ्या दोऱ्यांना जांभळट गाठी धरल्या होत्या. मी फोटो काढून आतेला पाठवला.  तासाभरानं तिचा फोन आला. "हात लावू नकोस. दार उघडं टाकू नकोस. मी येतेय."

ती येईपर्यंत फुलं उमलायला लागली होती. हातभर लांबीचे घोस, एकेका घोसात दाटीवाटीनं वाकडी, टोकदार फुलं, वाघनखांसारखी. आणि रंग! मी नीट सांगू शकत नाही. हिरवा म्हणावा तर निळा आहे, निळा म्हणावा तर आतून उजेड असल्यासारखा हिरवा. मोरपंखी म्हणायला गेलो तर मोरपंखी फार गडद. झाडावर असा रंग असतो यावर विश्वास बसत नव्हता. आईनं मात्र एका दमात सांगितलं. "मोरचूद. बागंवर फवारायला मोरचूद आन् चुना कालवला की असाच रंग येतोय न्हवं?" आमची द्राक्षाची बाग होती. बोर्डोचं ते निळं-हिरवं पाणी पिंपात ढवळताना मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचो. अगदी तोच रंग.

तेवढ्यात शेजारचे आजोबा मागच्या दारानं आत आले, टोपी काढली आणि वर बघितलं. मग हळूच म्हणाले, "ब्लूस्टोन." ब्लूस्टोन म्हणजे मोरचूदच; त्यांचे वडील बटाट्यावर रोग पडू नये म्हणून तेच फवारायचे. आईला इंग्रजी येत नाही, आजोबांना मराठी. मी दोघांना दोघांचं सांगितल्यावर आई म्हणाली, "मग त्येच की! ह्यास्नी च्या दे." आजोबांना चहा मिळाला.

आतेला मी स्टेशनवरून घेऊन आलो. ट्रलीहून मलिंगार म्हणजे डब्लिनला गाडी बदलून दिवसभराचा प्रवास. घरी येताना ती वेलीबद्दल काही बोललीच नाही. भाचीच्या मुलाचे दात, ट्रलीचा वारा, हेच बोलत राहिली. घरात शिरल्यावर कोट काढला, सिंकपाशी कोपरापर्यंत हात धुतले, आणि काचेच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

मी मागे होतो, तिचा चेहरा मला दिसला नाही. तिनं दाराची चौकट धरली एवढं दिसलं. मग ती आत गेली, खाली वाकली, फरशीवर गळून पडलेलं एक फूल उचललं आणि मुठीत बंद करून घेतलं.

आई तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. दोघी जवळजवळ एका वयाच्या, एका उंचीच्या. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "हिला सांग, आमच्याकडं हादगा आसतोय. त्येची फुलं आशीच वाकडी. आमी भाजी करतो. हिची करत्यात का?"

मला जरा संकोच वाटला, पण सांगितलं. आते एकदम हसली. हादगा त्यांच्याकडेही असतो, ती म्हणाली, आणि त्याची फुलं तेही खातात, वाफवून, कांदा-टोमॅटो घालून. "पण हिची नाही. आईला सांग, ही नुसती बघायची." मग दोघी हादग्याच्या फुलातला मधला कडू दांडा काढून टाकायचा की नाही यावर बराच वेळ बोलल्या, मी मधे दुभाष्या. दोघींच्याही मते तो काढायचाच.

चहा झाल्यावर आते शिडीवर चढली. हातात मेकअपचा जुना ब्रश. मी शिडी धरून उभा.

"आधीच्या वेळी माझं काय चुकत होतं ते मला कळलंय," ती वरून म्हणाली. डब्लिनच्या एका मोठ्या बागेत काचघर सांभाळणारी बाई आहे, तिला आतेनं गाठून विचारलं होतं. "मी फार हळू करत होते. फूल दुखावेल म्हणून. पण वटवाघूळ काही नाजूक नसतं. ते येतं आणि डोकं खुपसतं. फुलाचं टोक जरा जोरात घासल्याशिवाय ते पराग घेतच नाही."

तिनं एका फुलाची खालची पाकळी अंगठ्यानं दाबली. आतून एक पांढरं, बारीक टोक बाहेर आलं. तिनं ब्रशनं ते घासलं. हळू नाही, पण घाईनंही नाही. इंजेक्शन देताना चांगली नर्स देते तसं, एकदाच, नीट. मग दुसरं फूल. मग तिसरं. प्रत्येक घोसातली थोडीच फुलं तिनं घेतली. शेवटी खाली उतरली तेव्हा तिच्या कपाळाला पिवळे पराग लागले होते. मुलगी म्हणाली, "यू आर द बॅट, आते." आते म्हणाली, "इतक्या वर्षांची नाइट ड्युटी. होतेच मी."

दोन दिवस राहून ती परत गेली. फुलं गळायला लागली; पडल्यावर ती निळी, मग जांभळी होत. मुलगी ती परातीत पाण्यावर सोडायची. घोस एकामागून एक रिकामे झाले आणि मला वाटलं, याही वेळी तेच. पण एका दांड्यावर एक देठ गळायचा राहिला. तो फुगला. आठवड्याभरानं त्याला शेंगेचा आकार आला. मी फोन केला तर आते फक्त म्हणाली, "जाळी बांध. जड होईल."

मी कांद्याची जाळीची पिशवी कापून झोळी केली आणि शेंग तिच्यात ठेवली. उन्हाळाभर ती वाढत राहिली. शेंग म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येते तशी नव्हे. एखाद्या जाड्या आंब्यासारखी, ओबडधोबड. आजोबा दर रविवारी चर्चहून येताना तिचं दर्शन घेऊन जात. सप्टेंबरात ती नुसत्या स्पर्शानं झोळीत सुटली. आते पुन्हा आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं सुरी चालवली. आत मोठमोठ्या बिया निघाल्या.

आतेच्या मनात एक गोष्ट फार दिवसांपासून होती. आपल्या गावाजवळच्या त्या उतारावर यातली एक बी परत न्यायची. तिनं डब्लिनच्या त्या बाईंना विचारलं होतं. बाईंनी प्रेमानं पण स्पष्ट सांगितलं की असं करू नये. ही वेल मूळ कुठल्या रानातली हे कुणालाच माहीत नाही, बरोबर इथले रोगही जातील, आणि तिथल्या जंगलाला तिथल्याच बिया हव्यात. तिकडे हे काम करणारी माणसं आहेत. आतेनं हे आम्हाला सुरी धुता धुता सांगितलं.

"वाईट वाटलं?" बायकोनं विचारलं.

"वाटलं. पण बरोबर आहे ते." तिनं सुरी पुसून ठेवली. "गावाकडे मी वेल नाही, माणसं पाठवू शकते. भाचीला सांगितलंय, पोराला एकदा त्या डोंगरात घेऊन जा. उरलेल्या जंगलात कुठेतरी असेलच."

बिया साठवून ठेवता येत नाहीत, लगेच पेराव्या लागतात. निम्म्या डब्लिनच्या बागेला गेल्या. उरलेल्या आम्ही कुंड्यांत पेरल्या, आणि कुंड्या हॉटप्रेसमध्ये ठेवल्या. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं, टॉवेल वाळवायचं कपाट म्हणजे हॉटप्रेस. घरातली सगळ्यात उबदार जागा. बायको एका सकाळी टॉवेल काढायला गेली आणि तिनं घरभर ऐकू जाईल अशी हाक मारली. मातीतून हिरवी मान वाकवून एक कोंब वर आला होता. नंतर आणखी तीन आले.

एक रोप आतेनं ट्रलीला नेलं, गाडीत मांडीवर धरून, आपल्याच शालीत गुंडाळून. एक आजोबांनी हक्कानं मागून घेतलं. ते त्यांनी स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठेवलंय आणि त्यासाठी हिवाळ्यात शेगडी विझू देत नाहीत, त्यामुळे त्यांचा खोकलाही कमी झालाय असं ते म्हणतात.

परवा आतेचा फोन आला होता. तिचं रोप पडद्याच्या दांडीपर्यंत पोचलंय. भाचीच्या मुलानं त्याची दोन पानं ओरबाडली, पण वेलीला थोडा धसमुसळेपणा मानवतो, असं ती म्हणाली. मी विचारलं, फुलायला किती दिवस लागतील?

"दिवस? वर्षं. तोवर मी चांगली म्हातारी झालेली असेन. चालेल." मग लगेच विचारलं, "तुझ्या वेलीला या महिन्याचं खत घातलंस?"

"घालतो."

"घालतो नाही. आज घाल."

फोन ठेवला आणि मी पाणी कोमट करायला ठेवलं.